सामंताचा पोपट

पहिल्या दिवशी सकाळी साडेसहाच्या तासाला मला मांजर व्हायला सांगितलं.

ऑगस्टचा पहिला आठवडा, बाहेर पुण्याचा तो पडल्या-न-पडल्यासारखा पाऊस, आणि आत एका लांबट हॉलच्या गार फरशीवर आम्ही अठरा जण हातापायांवर. ट्रॅकपँट घातलेला, अनवाणी, डोक्याचा चकोट केलेला एक माणूस आमच्यामधून फिरत म्हणत होता, "मान शेवटी वळते. आधी कणा. मांजर कधी घाईत नसतं." मी दहा मिनिटं उशिरा पोचलो होतो आणि कुणाला काही न विचारता मांजरांत शिरलो होतो. शर्टाच्या खिशात एक चिठ्ठी होती, तिच्यावर १८००-१८०-५५२२ हा नंबर.

नंबर रॅगिंगविरोधी हेल्पलाइनचा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांप्रमाणे प्रवेश घेताना विद्यार्थ्याचं एक आणि पालकाचं एक अशी दोन प्रतिज्ञापत्रं द्यावी लागतात. आमच्याकडे पालक म्हणजे मामा. सही करण्याआधी त्याने ती अख्खी वाचली, नंबर स्वतःच्या हाताने चिठ्ठीवर उतरवला आणि मला बजावलं, "तुका कोणी नाचूक लावल्यान, जनावराचो आवाज काढूक सांगल्यान, तर ह्या नंबरार फोन कर." मामा स्वतः गेली तीस वर्षं दशावतारात रात्ररात्र नाचून पोट भरतो, ही गोष्ट त्या क्षणी आम्हां दोघांच्याही डोक्यात आली नाही.

मांजरापर्यंत मी सोसलं. मग हुकूम आला, "आता पुढ्यात दूध सांडलंय." मी दाराकडे बघू लागलो. माझ्या शेजारची मुलगी मात्र डोळे मिटून अगदी समाधानाने फरशीला जीभ लावायच्या बेतात होती. म्हटलं, हिला काही वाटत नसेल तर आपण कशाला शहाणपणा करा. तास संपल्यावर तिनेच मला भिंतीवरचं वेळापत्रक दाखवलं. सोमवार, साडेसहा ते आठ, 'अभिनेत्याचं शरीर', दोन श्रेयांक. तो चकोटवाला माणूस आमचा प्राध्यापक होता. आणि त्याने सुरुवातीलाच सांगितलं होतं म्हणे, की ज्याला एखादा व्यायाम करायचा नसेल त्याने भिंतीशी जाऊन बसावं, कारण विचारलं जाणार नाही.

ते वाक्य माझ्या त्या दहा मिनिटांत गेलं. पुढे वर्षभर माझं हेच होत राहिलं.

आमचं गाव कुडाळपासून आत. आई काजूच्या कारखान्यात, वडील मी लहान असतानाच गेले. नाटक म्हणजे काय ते मी मामाच्या पेटाऱ्यावर बसून बघितलं. तुळशीचं लग्न झालं की दशावतारी कंपन्या बाहेर पडतात त्या थेट पावसापर्यंत. आज या देवळात जत्रा, उद्या त्या. एक लाकडी बाकडं, मागे पडदा, बाजूला पायपेटी, पखवाज, झांज. बाकडं हेच सिंहासन, हाच डोंगर. आधी गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, मग मालवणीतून सगळ्यांची फिरकी घेणारा काळा संकासुर, आणि हा आड दशावतार आटोपला की आख्यान. संहिता नसते. संध्याकाळी रंग चढवता चढवता कंपनीचा जाणता माणूस गोष्ट सांगतो. तू अमक्या राजाचा मुलगा, तुझं हरण, शेवटी युद्ध. बस्स. पुढची चार-पाच तासांची भाषणं ज्याची त्याने उभी करायची. मामा राजपार्टी, म्हणजे राजाची कामं करणारा. पहाटे मुकुट उतरला की तोच पेटारा डोक्यावर घेऊन पुढच्या गावाला चालायचं, असे दिवस त्याने काढलेत. रात्री राजा नि सकाळी डोक्यावर बोजा, असं आमच्याकडे म्हणतात ते उगाच नाही. आता टेम्पो असतो.

तर अशा घरातून आलेल्या पोराला आयत्या वेळी प्रसंग उभा करायच्या तासाला कसली भीती? 'तुम्ही बसमध्ये आहात आणि तुमचं पाकीट गेलंय' एवढं सांगितलं की मी वीस मिनिटं कंडक्टरशी भांडत असे. वर्ग हसायचा. पहिले दोन महिने मी स्वतःला फार मोठा समजत होतो.

मग संहिता हातात आल्या. लिहिलेलं वाक्य, जसंच्या तसं, त्याच क्रमाने, रोज. माझं डोकं ते धरेचना. अडलो की मी माझ्या पदरचं बोलायचो. दशावतारात अडणं अशी चीजच नसते. तुझी गाडी अडली तर समोरचा तुला उचलतो, नाहीतर पेटीवाला पद सुरू करतो, आणि प्रेक्षकाला पत्ता लागत नाही. इथे दिग्दर्शनाच्या मॅडम पेन्सिल कानाला लावून शांतपणे म्हणायच्या, "हे लेखकाने लिहिलेलं नाही. अडलास तर 'वाक्य' म्हण. तो बसलाय ना वही घेऊन, तो देईल. तालमीत वाक्य मागायला लाज कसली?"

लाज नव्हती हो. सवय नव्हती. अडलोय असं चारचौघांत मोठ्याने म्हणायचं आणि मग गप्प उभं राहून दुसऱ्याने द्यायची वाट बघायची, हे मला मांजर होण्यापेक्षा अवघड गेलं.

राहायला मी एका जुन्या वाड्यात कॉट बेसिसवर होतो. एका खोलीत चार कॉट, चार पेट्या, एक आरसा. बाकीचे तिघे स्पर्धा परीक्षावाले. ते पहाटे उठून राज्यघटनेची कलमं पाठ करायचे आणि मी कोपऱ्यात ओठ फडफडवून 'ब्रर्र' करायचो, आवाजाचा व्यायाम म्हणून. त्यांनी मला फार सांभाळून घेतलं. परीक्षेच्या आधी एकाने फक्त हात जोडले होते.

जेवण मेसमध्ये. पुण्यातल्या मेसचा एक नियम बाहेरून आलेल्या प्रत्येक पोराला पहिल्याच आठवड्यात उपाशीपोटी कळतो, तो म्हणजे रविवारी दुपारी फीस्ट आणि रात्री बंद. पहिले काही रविवार मी वडापावावर काढले. मग ती मांजरवाली मुलगी म्हणाली, "रविवारी रात्री कोथरूडला आमच्या घरी ये." पुढे आणखी दोन घरं जोडली गेली. आमच्या इतिहासाच्या सरांना हे कळलं तेव्हा ते खूश होऊन म्हणाले, अरे, तू वार लावून जेवतोस! पूर्वी पुण्यात शिकायला आलेली गरिबाघरची मुलं सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी अशी जेवत, नाहीतर माधुकरी मागत. मी घरी फोनवर हे मोठ्या ऐटीत सांगितलं. आईला ऐट दिसली नाही. तिने विचारलं, "पैशे पुरत नाय काय रे?"

पुरत होते, असं मी तिला सांगितलं.

खरी गोष्ट अशी की माझी शिष्यवृत्ती आलेली नव्हती. महाडीबीटीचा अर्ज मी सप्टेंबरातच भरला होता. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून मामाने आणला, अधिवास, मागची गुणपत्रिका, बोनाफाईड, सगळं जोडलं. पोर्टलवर एके दिवशी 'मंजूर' दिसलं आणि त्यानंतर काहीच नाही. विचारायचं तर कार्यालयाची वेळ अकरा ते एक आणि दोन ते पाच. आमचे तास साडेसहा ते दीड आणि तालीम दोनपासून रात्री नऊपर्यंत. मधल्या अर्ध्या तासात मी दोनदा गेलो, तर खिडकीवर 'जेवणाची सुट्टी' ही पाटी. ज्या महाविद्यालयात मुलं सूर्योदयापासून रात्रीपर्यंत असतात, तिथल्या मदतीच्या सगळ्या खिडक्या नेमक्या तालमीच्याच वेळात का उघडतात, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. तालीम बुडवून जावं, तर तालमीचा नियम असा की तीन गैरहजेऱ्या झाल्या की भूमिका गेली.

'कमवा व शिका'त मला ग्रंथालयातलं काम मिळालं होतं. ही योजना आपल्याकडे रुजली ती कर्मवीर भाऊराव पाटलांमुळे, साताऱ्यातून. त्यांच्या संस्थेतली मुलं शेतात, बांधकामावर राबून शिकली. मला त्यामानाने सुखाचं काम होतं, पुस्तकांच्या पाठी चिकटवायच्या. पण त्यात मेस भागत होती, कॉट भागत नव्हती. तेव्हा मी शनिवार-रविवारचं एक काम धरलं. साड्यांच्या प्रदर्शन-विक्रीच्या मांडवाबाहेर स्टुलावर उभं राहून लोकांना बोलवायचं. स्पीकर होता, पण ट्रॅफिकपुढे त्याचा आवाज पोचेना, म्हणून मालकाने विचारलं, "पोरा, तुझाच आवाज मोठा दिसतो, स्पीकर कशाला हवा?" मला ते कौतुक वाटलं. दशावतारी घराण्यातला मी, मोकळ्या मैदानात आवाज टाकायचा म्हणजे काय हे मला शिकवायला नको होतं.

जानेवारीत वर्षाच्या नाटकाच्या भूमिका लागल्या. नाटक 'शांतता! कोर्ट चालू आहे'. तेंडुलकरांचं, १९६७ साली 'रंगायन'ने पहिल्यांदा केलेलं, अरविंद देशपांडे यांचं दिग्दर्शन आणि सुलभा देशपांडे बेणारेच्या भूमिकेत. शहरातली एक हौशी मंडळी अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला एका गावात येते, वेळ घालवायला म्हणून खोटा खटला चालवते आणि त्या खेळात आपल्यातल्याच बेणारेबाईंचं खाजगी आयुष्य उघडं पाडते. मला मिळाला सामंत. गावातला साधा माणूस, हॉल दाखवायला आलेला. नाटक कशाशी खातात हे त्याला ठाऊक नाही, आणि ही मंडळी त्यालाच साक्षीदार म्हणून उभा करतात. यादी वाचून वर्गातला एक जण म्हणाला, "ह्याला काही करायलाच नको." सगळे हसले, मीही हसलो. रात्री कॉटवर पडल्यावर ते हसू आठवून झोप येईना.

म्हणून मी ठरवलं की असा सामंत करायचा की यांनी बघत राहावं. पहिल्याच वाचनात मी हॉल दाखवला तो असा, जणू बाहेर जत्रा भरलीय आणि शेवटच्या रांगेतल्या म्हातारीपर्यंत आवाज पोचवायचाय. मॅडमनी पेन्सिल खाली ठेवली. "सामंत ओरडतोय का?" "नाही मॅडम, बोलतोय." "कुणाशी?"

दुसऱ्या आठवड्यात आवाज बसला. सकाळी घोगरा, दुपारी फाटका, संध्याकाळी मधूनच गायब. वाक्याच्या शेवटी नुसता वारा यायचा. मी ज्येष्ठमध चघळला, खडीसाखर-मिरी खाल्ली, वाफ घेतली, आणि कुणाला काही सांगितलं नाही. सांगितलं तर भूमिका जाणार, हे माझं मीच ठरवलं होतं. तालमीत कुजबुजत बोलायला लागलो आणि 'सामंत हळवा करून बघतोय' अशी थाप मारली. शनिवारी पुन्हा स्टुलावर.

पकडलं ते शिपाईमामांनी. पुण्यात मामांची ददात नाही. कॉलेजचे शिपाई मामा, चौकातला ट्रॅफिक हवालदार मामा, रिक्षावाला मामा, खऱ्या मामाची आठवण यायला फुरसत म्हणून मिळत नाही. आमचे शिपाईमामा पंचवीस वर्षं विंगेत खुर्ची टाकून बसलेले. कुठला दिवा उडणार हे त्यांना दिव्याच्या आधी कळतं. मी हॉलची चावी मागायला गेलो तर म्हणाले, "परत बोल." मी परत बोललो. "किती दिवस?" मी बोटं दाखवली, दहा. त्यांनी मॅडमना सांगितलं नाही, मलाही काही बोलले नाहीत. स्वतःच्या डायरीतून पान फाडून सरकारी रुग्णालयातल्या कान-नाक-घसा विभागाच्या ओपीडीचे वार लिहून दिले आणि खाली लिहिलं, 'आठला रांगेत'.

तिथल्या डॉक्टरबाईंनी नाकातून बारीक नळीचा कॅमेरा घातला. डोळ्यांतून घळाघळा पाणी. समोरच्या पडद्यावर माझं स्वरयंत्र दिसत होतं, दोन पांढुरक्या पट्ट्या, उघडमीट करणाऱ्या. त्यांनी 'ई' म्हणायला लावलं. पट्ट्या मिटल्या, पण पूर्ण मिटल्या नाहीत. मध्यावर दोन्हीकडे समोरासमोर थोडी सूज होती, त्यामुळे मागे-पुढे फट राहत होती आणि तिथून वारा निसटत होता. मी आयुष्यभर जो 'आवाज टाकत' होतो तो या एवढ्याशा जागेतून, हे बघून मला आधी हसूच आलं. "काय काम करता?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं नाटक शिकतो, आणि मग, का कोण जाणे, स्टुलाचंही सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, वेळेत आलात, गाठी घट्ट झालेल्या नाहीत, ऑपरेशनची गरज नाही. आठवडाभर पूर्ण मौन, मग आवाजाचे व्यायाम शिकवणाऱ्या थेरपिस्टकडे. भरपूर पाणी. घसा खाकरायचा नाही, कारण प्रत्येक खाकरण्यात त्या पट्ट्या एकमेकींवर आपटतात. "आणि कुजबुजायचंही नाही. लोकांना वाटतं त्याने आराम मिळतो. ताणच पडतो त्याने."

म्हणजे माझा हळवा सामंतही गेला.

कागद घेऊन मॅडमपुढे उभा राहिलो. त्यांनी तो दोनदा वाचला. मी भिंतीकडे बघत होतो. त्या म्हणाल्या, "मौन आहे ना? मग तालमीला यायचं. सामंताला बसून ऐकायचंच काम जास्त आहे. वाक्यं दुसरं कुणी वाचेल." भूमिकेबद्दल एक शब्द नाही. आणि जाता जाता, "समुपदेशकांना भेट. बुधवारी असतात."

समुपदेशन म्हणजे डोकं फिरलेल्यांसाठी, अशी माझी समजूत, त्यात माझं मौन. बोलून मोकळं व्हायच्या ठिकाणी मी वही आणि पेन घेऊन गेलो. खोली म्हणजे पूर्वीची कपड्यांची कोठी. कोपऱ्यात अजून एक पेशवाई पगडी होती. समुपदेशक मॅडम वयाने ताईच म्हणाव्यात एवढ्या. मी पहिलंच लिहिलं, 'इथलं बाहेर कळतं का?' ज्या नाटकात एका बाईच्या पर्समधलं, पोटातलं सगळं भर खेळात बाहेर काढतात, त्या नाटकात मी रोज सहा तास बसत होतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्या लेखी फार मोठा होता. त्या म्हणाल्या, नाही. विभागप्रमुखांनाही नाही. तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं तरच, आणि तेही तुला सांगून.

मग मी लिहायला लागलो. सामंत, हसणारा वर्ग, आई, मामा. लिहिता लिहिता डोळे भरून आले. आणि आता जे सांगतो ते सांगायला बरं वाटत नाही. मी रडत होतो ते खरं होतं, पण त्याच वेळी माझ्या लक्षात येत होतं की उजवा हात कपाळाशी छान गेलाय, खांदे नीट हलतायत, आणि हे सगळं सात्त्विक अभिनयाच्या तासाला उपयोगी पडेल. मॅडम थोडा वेळ थांबल्या आणि विचारलं, "आत्ता कुणाला दाखवतोयस?"

हात खाली आला. बराच वेळ वही कोरी राहिली. मग मी एकच ओळ लिहिली, 'कॉटचं भाडं दोन महिन्यांचं थकलंय.'

माझी अपेक्षा होती की आता त्या बालपणात शिरतील. त्यांनी विचारलं, "शिष्यवृत्ती मंजूर होऊन पैसे गेले कुठे?" आणि फोन उचलून शिष्यवृत्तीच्या लिपिकांना, माझी संमती घेऊन, सांगितलं की हा मुलगा दीड वाजता येईल, पाच मिनिटं थांबा. लिपिक थांबले. पोर्टलवर बघून म्हणाले, "पैसे तर गेलेत. तुझ्या आधारला जोडलेल्या खात्यात." माझ्या खात्यात काही नव्हतं. "हे खातं नव्हे रे. आधारला शेवटचं कुठलं खातं जोडलंस?" तेव्हा डोक्यात उजेड पडला. शाळेत असताना एका शिष्यवृत्तीसाठी कुडाळच्या बँकेत खातं काढलं होतं. अर्जात तुम्ही कुठलाही खाते क्रमांक लिहा, थेट हस्तांतरणाचे पैसे जातात ते आधारशी जोडलेल्या खात्यातच. पुण्यात नवीन खातं काढताना ती जोडणी बदलायची असते हे मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे, सांगितलं असेल, पण मी पोचायच्या आधी. पासबुक घरी बिस्किटांच्या डब्यात, आईच्या मंगळसूत्राच्या पावतीखाली. मी मांडवाबाहेर घसा फोडत होतो तेव्हा पैसे कुडाळात आरामात पडून होते.

मौनाचे सात दिवस मी तालमीत खुर्चीवर बसून काढले. बोलायचं नाही म्हटल्यावर बघण्यावाचून इलाज नव्हता. बेणारे करणारी आमची ती मांजरवाली. खटल्याच्या प्रसंगात सगळे तिच्यावर हसतात तेव्हा ती हातातल्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळते आणि सोडते, हे मी आधी कधी पाहिलंच नव्हतं. तिच्या वसतिगृहाचं फाटक दहाला बंद व्हायचं, म्हणून तालीम नऊच्या पुढे लांबली की ती साडेनऊच्या सुमाराला घड्याळाकडे बघायची. मॅडमनी वॉर्डनला पत्र लिहून ते महिनाभरासाठी सोडवून घेतलं. हो, कोथरूडचं घर तिच्या मावशीचं. मलाही ते फेब्रुवारीत समजलं, तोवर तिच्या मावशीला तिची आई समजून नमस्कार करत होतो.

आवाज परत आला तो लहान होऊन. थेरपिस्टनी स्ट्रॉमधून पाण्यात बुडबुडे काढत सूर धरायला शिकवलं. खोलीतल्या स्पर्धा परीक्षावाल्यांना हे 'ब्रर्र'पेक्षा पुष्कळ बरं वाटलं. पहिल्या बोलत्या तालमीत मी अडलो आणि म्हणालो, "वाक्य." वही घेऊन बसलेल्याला विश्वास बसेना. त्याने वर बघितलं. मी पुन्हा म्हणालो, "वाक्य दे ना." त्या संध्याकाळी मी अकरा वेळा मागितलं, त्याने समासात रेघोट्या मारून ठेवल्यात.

पोपट शिवला विभागातल्या मावशींनी. सामंत पुतण्यासाठी हिरवा कापडी पोपट घेऊन येतो आणि शेवटी, खटला संपून मोडून पडलेल्या बेणारेपाशी तो हळूच ठेवून निघून जातो. मावशींनी एका जुन्या ब्लाउजपीसचा पोपट केला, चोचीला लाल मखमलीचा तुकडा, आत कापूस. डोळे म्हणून शर्टाची दोन काळी बटणं, एक जरा वर बसलेलं, त्यामुळे कुठूनही बघा, तो पोपट गोंधळलेलाच दिसतो. "तुझ्यासारखा," मावशी म्हणाल्या.

प्रयोगाच्या आदल्या दिवशी आरोपीचा पिंजरा बसवायला जागा हवी म्हणून हॉलमागच्या बोळातले नेपथ्याचे जुने फ्लॅट हलवले. ऑक्टोबरातल्या कुठल्याशा एकांकिकेची प्लायवर रंगवलेली विटांची भिंत होती. ती बाजूला केली तर मागे खरी भिंत, आणि तिच्यावर काचेचा सूचनाफलक. समुपदेशक, बुधवार व शुक्रवार, तालमीतून सवलत मिळेल. शिष्यवृत्ती मदत, गुरुवारी संध्याकाळी सात ते आठ, रंगभूमी विभागासाठी खास. बँक खाते आधारशी जोडा, ठळक अक्षरांत. लैंगिक छळाविरुद्धच्या अंतर्गत समितीच्या सदस्यांची नावं आणि नंबर, २०१३ च्या कायद्याच्या उल्लेखासह. मानसिक आरोग्याची हेल्पलाइन टेलि-मानस, १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीतूनही. आम्ही चौघे फ्लॅट हातात धरून वाचत उभे राहिलो. शिपाईमामा मागून म्हणाले, "वर्षभर इथंच आहे की." मग ती विटांची भिंत कुठे टेकवायची यावर वाद झाला आणि ती शेवटी जिन्याखाली गेली.

प्रयोगाबद्दल सांगण्यासारखं थोडंच. सामंत पडला नाही. साक्षीच्या प्रसंगात तो वाचलेल्या कादंबरीतलं काहीतरी ठोकून देतो, चाचरतो, अडखळतो. तिथे मी खरोखर अडलो आणि प्रेक्षकांना वाटलं सामंत अडला. विंगेत मामांच्या खुर्चीशेजारी वहीवाला अर्धा उभा राहिलेला मला दिसला. तेवढ्यात वाक्य आलं. शेवटच्या प्रवेशात पोपट ठेवला, निघून आलो. त्यात बोलायचं काही नसतं.

पहाटे साडेपाचला फोन वाजला. मामा. त्यांचाही प्रयोग नुकताच सुटला होता. मागे टेम्पोचा आवाज, कुणीतरी झांजा पिशवीत भरत होतं.

"काल होता मां तुझा नाटक? कसला काम?"

"सामंताचा."

"सामंत म्हणजे राजाच्या खालचो. मुकुट होतो?"

"नाय. पोपट होतो."

"खरो?"

"कापडाचो."

मामा थोडा वेळ गप्प राहिला. मग काहीतरी बोलायला गेला, आवाज फाटला, आणि त्याने घसा जोरात खाकरला.

"मामा, खाकरू नको. पाणी पी."

"गप रे," म्हणाला, आणि आणखी एकदा खाकरला.